आईच्या जबड्यातला बैल

माझ्या आईच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही, पण अंबरनाथच्या बुवापाड्यात तिच्यासमोर तोंड उघडायची हिंमत फार थोड्यांना होते. वर्षावासाचे तीन महिने, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तिथल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं आणि ते आई करते. मी लहान होते तेव्हापासून तीच करते. आम्ही दोघी बदलापूरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो तरी तिने विहार बदलला नाही. बदलापुरात विहार नाहीत असं नाही, पण तिथे वाचणाऱ्या बायका आधीच आहेत. त्यामुळे त्या तीन महिन्यांत अंबरनाथमधल्याच मोरिवलीच्या कारखान्यातून सुटले की मी घरी जाते, तिला स्कूटरवर मागे बसवते आणि आलेल्या वाटेने परत अंबरनाथला येते. लोक तिचं वाचन ऐकायला येतात असं म्हणतात. माझा अंदाज असा की, आलो नाही तर उद्या ही चष्म्यावरून कशी बघेल, या भीतीनेच निम्मे लोक येतात.

हे वाचन एकदा कवळीपायी बंद पडायच्या बेतात आलं होतं. वरची कवळी टाळूला चिकटून राहते, तिची तक्रार नाही. खालची मात्र नाचते. एका वर्षावासात राजपुत्र घर सोडून निघतो तो प्रसंग चालला होता, पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते, आणि आईची खालची कवळी उघड्या पानावर येऊन पडली. कोणी हसलं नाही. एरवी मला अशा वेळी हमखास हसू येतं, पण आईचा चेहरा बघून तेही आलं नाही. तिने कवळी उचलली, पदराने पुसली, परत बसवली आणि पान पूर्ण केलं. घरी आल्यावर म्हणाली, "पुढल्या साली दुसरी कुणी बघा म्हणावं. पानावर दात सांडणाऱ्या बाईनं वाचू न्हाई." त्या दिवशी ती जेवली नाही. आई रागावली की जास्त जेवते, त्यामुळे हा राग नाही हे मला कळलं.

म्हणून आम्ही उल्हासनगरला गेलो. नकली मालासाठी नाव काढलेल्या कॅम्प दोनच्या बाजारात, चेन आणि बटणांच्या दुकानावरच्या मजल्यावर, एका सिंधी डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. हिरड्या आणि जबड्याचं हाड हा त्यांचा खास विषय. त्यांनी आईच्या खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवले. इम्प्लांट म्हणजे हाडात घट्ट बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. आई त्यांना खिळे म्हणते. त्या दोन खिळ्यांवर खालची कवळी दाबली की 'टक' आवाज होऊन बसते, कुकरचं झाकण बसावं तशी. ही 'टक' ऐकायला पुढचे कित्येक दिवस बुवापाड्यातल्या बायका येत होत्या आणि आई न कंटाळता कवळी काढून परत बसवून दाखवत होती.

सगळ्यात पुढे अर्थात मावशी. ही माझी सख्खी मावशी नव्हे. आईच्याच गावची, आईच्याच वयाची, बुवापाड्यात आमच्या जुन्या खोलीला लागून राहणारी. दोघींचे वडील एकाच वेळी गाव सोडून इथे आले. मावशीने आईच्या तोंडात बोट घालून खिळा चाचपला आणि विचारलं, "उल्हासनगरचा म्हंजे वरिजनल हाय ना गं?" आई म्हणाली, "हाड माझं वरिजनल हाय, तेवढं बास."

बसवतेवेळी डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, या दातांना कीड लागत नाही. दोन, पण म्हणून साफसफाईत आळस करायचा नाही, दिवसातून दोन वेळा खिळ्यांच्या सगळ्या बाजूंनी नीट घासायचं. त्यासाठी एक बारीक, बाटली धुवायच्या ब्रशच्या पिल्लासारखा ब्रशही दिला होता. आई सांगितलेलं ऐकते. ती दिवसातून दोन वेळा न चुकता मोरीशी बसून खिळे घासायची. मी दात घासताना फोन बघते, ती समोरच्या भिंतीकडे बघायची, इतकी मन लावून.

तरी तीन-चार वर्षांनी, गेल्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या गडबडीत माझ्या लक्षात आलं की आई भाकरी आमटीत बुडवून खातेय. उशीवर तांबडे डाग दिसले. विचारलं तर म्हणे पानाचा रंग, आणि पान तर ती खात नाही. शेवटी 'टक' बिघडली. डावीकडे वाजायची, उजवीकडे नुसती 'फुस' व्हायची. तेव्हा कुठे तिने कबूल केलं की उजव्या खिळ्याभोवती हिरडी सुजलीय, दाबलं की घाण येते आणि तोंडात सारखी पितळेची चव असते. किती दिवस? "जयंतीचं काम होतं ना," ती म्हणाली. मला इतका राग आला की मी स्कूटरची किल्ली शोधायला लागले आणि ती माझ्या हातातच होती.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून कॉम्प्युटरवर दाखवला. डावा खिळा हाडात गळ्यापर्यंत रुतलेला. उजव्याच्या भोवती मात्र काळा, बशीसारखा खोलगट भाग, आणि त्यात खिळ्याचे वरचे आटे उघडे. "आजी, हा खड्डा बघा," त्या म्हणाल्या. "हिरडीत इन्फेक्शन झालं, मग आतलं हाड विरघळत गेलं. स्क्रू खराब नाही झाला, उसके आजूबाजू की जमीन चली गयी." बदलापूरकराला खड्डा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या रस्त्यावर विजेचा एक खांब आहे, पाण्याने त्याच्या बुडाची माती वाहून गेलीय आणि तो केवळ सवयीने उभा आहे. आईचा उजवा खिळा तसाच उभा होता.

"असाच ठेवला तर?" मी विचारलं.

"तर निघून येणार. मग कवळी एका पायावर नाही उभी राहू शकत."

आईने विचारलं, "आषाढीपतूर निघंल का?" आषाढी पौर्णिमेला अडीच-तीन महिने होते. खिळा जाईल याची तिला तितकी काळजी नव्हती, आषाढीच्या आत जाईल याची होती.

उपाय ऑपरेशनचा होता. हिरडी उघडायची, आतली सडकी घाण खरवडून काढायची, खिळ्याचे आटे साफ करायचे, खड्ड्यात हाडाची पावडर भरायची, वर पातळ पडदा घालून टाके घ्यायचे. नंतर तिथे नवीन हाड धरलं तर धरलं. खात्री देत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मग कागद पुढे ओढून नेहमीचे प्रश्न. शुगर? नाही. बीपी? आहे, गोळी चालू. तंबाखू?

"नाही," मी ठणकावून सांगितलं. इम्प्लांट बसवतानाही मीच तितक्याच ठणठणीत आवाजात नाही सांगितलं होतं. आमच्या घरात तंबाखू म्हणजे वडिलांची. चुना लावून, मळून, गालात ठेवायची ती. त्यांच्याबरोबर ती गेली. मी खोटं बोलत नव्हते, अगदी शपथेवर सांगितलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी आईची कवळी काढली, कापसाचा बोळा घेतला आणि उजव्या खिळ्याभोवती फिरवून माझ्यासमोर धरला. बोळा काळा तपकिरी झाला होता. त्यांनी तो नाकाशी नेला आणि आईकडे बघितलं.

"मिश्री लावता ना, आजी?"

"व्हय की."

"दिवसातून किती वेळा?"

"आधी येकदाच लावायची, सकाळची," आई अभिमानाने म्हणाली. "तुम्ही सांगितलं न्हवं का, दोन टायमाला खिळे घासायचे? तवापास्नं दोन येळा लावती. चांगली रगडून."

"आणि मी दिलेला ब्रश?"

"त्यो लई चांगला हाय. शिलाई मशिनीतला कचरा काय झटक्यात निघतो त्यानं!"

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, दुसरं काही नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही. लहानपणी मावशी आणि आई ओट्यावर चूल मांडून ती भाजायच्या तेव्हा अख्खी गल्ली खोकायची. बदलापूरच्या सोसायटीत भाजणं शक्य नाही म्हणून मावशी डबी भरून द्यायची आणि ती डबी स्कूटरच्या डिकीतून मीच आणायचे. पण आमच्याकडे मिश्री हे व्यसन कधी नव्हतंच. ती आंघोळ, केर, पाणी भरणं, अशा सकाळच्या कामांत मोडायची. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. दिवसभर चिमूट चिमूट पावडर तपासून त्यात काय मिसळलंय ते लिहिते. घरातल्या चिमटीकडे बघायचं मला सुचलं नाही.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, आणि त्यामुळे जास्तच लाज वाटली. त्या आईजवळ स्टूल ओढून बसल्या. "आजी, तंबाखूने हिरडीचं रक्त कमी होतं. रक्त नाही तर जखम कशी भरणार? मिश्री चालू असेल तर मी हातच नाही लावणार. मेरी मेहनत भी पानी में, आपकी भी. आधी बंद करा, मग दीड महिन्याने बघू."

घरी येऊन जिना चढल्यावर आई म्हणाली, "बावीस प्रतिज्ञांत दारू लिवलीय. मिश्री न्हाई लिवली."

मी म्हटलं, "आणि पाचवं शील? नशा करणार नाही म्हणून दर संध्याकाळी दुसऱ्यांना देतेस ते?"

"ते मोह पाडणाऱ्या वस्तूचं हाय. मिश्रीनं मोह न्हाई पडत, पोट साफ होतं."

धम्मावर वाद घालायचा तर आईशी घालू नये. पन्नास वर्षं वाचन केल्यावर माणसाला पळवाटासुद्धा पाठ होतात. दोन दिवस तिने डबी सोडली नाही. तिसऱ्या दिवशी मी वेगळा रस्ता धरला. म्हटलं, राहू दे मग. ऑपरेशन नको, खिळा निघू दे, यंदा विहारात मी वाचते. घरात कोणीतरी वाचलं म्हणजे झालं. आणि ग्रंथ काढून पहिलं पान मोठ्याने वाचायला घेतलं. मी प्रयोगशाळेतले रिपोर्ट वाचते तसंच ते वाचलं असणार, कारण दुसरं मला येत नाही. अर्ध्या पानावर आई उठली, कमरेची डबी काढून माझ्यापुढे आपटली आणि म्हणाली, "बंद कर. ह्यापरीस दात गेलेले बरे." थोडं थांबून, "दातबी नगं जायला. डबी ने."

पुढचा दीड महिना आमच्या घरात जे झालं त्याला संसार म्हणता येणार नाही. तिचं डोकं दुखायचं, पोट फुगायचं, तोंडाला पाणी सुटायचं आणि या सगळ्याला जबाबदार मी, डॉक्टरीणबाई आणि बदलापूरचं पाणी, या क्रमाने. तिने बडीशेप चघळली, लवंग धरली, एकदा चुलीतला कोळसा हवा म्हणून हट्ट धरला. गॅसच्या शेगडीतून कोळसा काढून दे, असं मला सांगितलं. रिकामी डबी मात्र तिने मागून घेतली. सकाळी उठली की झाकण उघडायची, हुंगायची, बंद करायची. हुंगलेलं चालतं का, हे मी फोन करून विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, चालतं. मावशीने एकदा पदराआडून पुडी पुढे केली तेव्हा आईने ती परत ढकलली. मी दारात उभी होते हे तिला माहीत नव्हतं. मला तिचा फार अभिमान वाटला आणि अर्थात मी तसं सांगितलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी खुर्चीवर बसवण्याआधी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. काहीतरी अवघड विचारायचं असल्यासारखं त्यांनी आधी पाणी दिलं.

"एक गोष्ट विचारावी लागते. ही जी हाडाची पावडर आहे ना, ती जनावराच्या हाडाची असते. गाय-बैलाच्या. एकदम साफ, भट्टीत तापवलेली, फक्त हाडाचा सांगाडा उरतो. पण कुणाकुणाला चालत नाही. दुसरी कारखान्यात बनवलेली पण येते. आजींचा खड्डा बघता मला ही बरी वाटते. तुम्ही सांगा."

माझं डोकं सणकलं. का, ते सांगते.

आईच्या वडिलांचं गाव तिकडे देशावर. गावात कुणाचंही ढोर मेलं की ते ओढून गावाबाहेर नेणं हे आमच्या वस्तीचं काम. पिढ्यानपिढ्या, न विचारता. छप्पन साली दीक्षा झाली आणि आजोबा गावात येऊन म्हणाले, आता ओढणार नाही. थोड्याच दिवसांत पाटलाचा बैल मेला. निरोप आला. आजोबा आणि मावशीचे वडील दारात बसून राहिले, उठले नाहीत. बैल गोठ्यासमोर फुगत पडला, सगळ्या गावात वास सुटला, तरी नाही. मग वस्तीचं पाणी बंद, दुकान बंद, मजुरी बंद. शेवटी दोन कुटुंबं गाठोडी बांधून अंबरनाथला कारखान्यात आली. आई तेव्हा सहा-सात वर्षांची होती. तो वास अजून आठवतो म्हणते. आम्ही बुवापाड्यातले झालो ते एका मेलेल्या बैलामुळे, आणि ही गोष्ट दरवर्षी दीक्षेच्या दिवशी आमच्या घरात सांगितली जाते.

आणि आता तोच बैल बाटलीत भरून तिच्या जबड्यात घालायचा?

"नाही चालणार," मी उभी राहिले. "अजिबात नाही. आमच्या लोकांनी ज्या गोष्टीसाठी गाव सोडलं..." असं बरंच काही. मी बोलत गेले. माणुसकी, स्वाभिमान, इतिहास, काही राहिलं नाही. बोलताना मला स्वतःचा आवाज आवडत होता, आईच्या वाचनासारखा वाटत होता.

डॉक्टरीणबाई लगेच हात जोडून म्हणाल्या, "समजले मी, समजले. गाय म्हणजे माताच ना. हमारी सास को भी नहीं चलेगा."

एवढं सगळं बोलून माझी रवानगी त्यांच्या सासूबाईंच्या पंगतीत झाली होती. आता हे पहिल्यापासून समजावून सांगावं तर पाठीमागे दुसरे पेशंट खोळंबलेले.

तेवढ्यात आई म्हणाली, "त्याला वास येतो का?"

"नाही आजी. काहीच नाही."

"बघू."

त्यांनी छोटी काचेची कुपी आणली. आईने ती उजेडाकडे धरली, हलवली. आत पांढरे, रव्याएवढे दाणे. माझा हात सवयीने पुढे झाला आणि मी त्यावरचा बॅच नंबर वाचला. आईने कुपी बराच वेळ हातात ठेवली. मग परत दिली.

"घाला."

"आई!"

"तू गप. मला ठावं हाय म्या काय करती ती. घाला, बाई."

मला खरंच वाईट वाटलं. आजोबांनी जे सोडायला इतकं सोसलं ते हिने एका शब्दात परत घेतलं, आणि कशासाठी, तर महिना-दीड महिन्यावर आलेल्या वाचनासाठी. मी फुरंगटून बाहेर जाऊन बसणार होते, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जवळ थांबा, आजींना बरं वाटेल. आईला बरं वाटायची काही गरज नव्हती, ती खुर्चीवर राजासारखी पहुडली होती. तरी मी थांबले.

तोंड बधिर केलं, चेहऱ्यावर हिरवं कापड टाकलं, नुसता जबडा उघडा राहिला. कापडाआडची बाई माझी आई आहे हे मला आठवावं लागत होतं. त्यांनी खिळ्याभोवती बारीक काप घेतला आणि हिरडी बाजूला केली, वांग्याचं साल सोलावं तशी. आत लालभडक, मऊ लगदा. तो खरवडून काढताना मागे मागे हटत गेला आणि शेवटी पांढरं हाड दिसलं, आणि त्यात उभा खिळा, आटे उघडे पडलेला. बारीक ब्रशने एकेक आटा घासला, पाणी मारलं, परत घासला. मी मनात म्हटलं, हेच आई मिश्रीने करत होती बिचारी, दोन टाइम. मग हसू आलं आणि लगेच भीती वाटली, कारण खड्डा एक्स-रेत दिसला होता त्याहून मोठा होता. डॉक्टरीणबाईंचा हात क्षणभर थांबला. खिळा हलतोय का हे त्यांनी बोटाने पाहिलं. हलत नव्हता.

मग कुपी उघडली. दाणे आईच्याच रक्तात भिजवून त्यांनी खड्ड्यात थोडे थोडे भरले, दाबले, परत भरले. त्या वेळी आईने कापडाखालून माझा हात शोधला आणि धरला. मी मघाचा रुसवा विसरून घट्ट धरला. पडदा बसला, टाके पडले, कापड निघालं. सुजलेल्या तोंडाने आई पहिलं वाक्य बोलली ते मला कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं. "आषाढी किती लांब हाय?"

टाके काढेपर्यंत खालची कवळी लावायची नव्हती. आई तोंडाला पदर लावून बसायची आणि खुणांनी भांडायची. डॉक्टरीणबाईंनी दिलेला नवा ब्रश आता मोरीत टांगलेला असतो आणि शिलाई मशीन पुन्हा कचऱ्याने भरलंय. आषाढीच्या आधी तपासायला गेलो तेव्हा सूज उतरली होती, घाण येणं थांबलं होतं. नवीन हाड धरतंय की नाही हे कळायला अजून काही महिने लागतील, त्या म्हणाल्या. पण कवळी लावा, वाचा. "बैल पकडून ठेवेल बहुतेक," असं त्या गमतीने म्हणाल्या आणि घाईने माझ्याकडे बघितलं. मी हसले. काय करणार.

आषाढी पौर्णिमेला विहार भरला होता. आईने पांढरं पातळ नेसलं होतं. वंदना झाली, पंचशील झालं. पाचव्या शीलाला तिने नजर उचलून पुढच्या रांगेत मावशीकडे बघितलं आणि मावशीने ओठावरची मिश्री हळूच बोटाने पुसून टाकली. मग आई आसनावर बसली. तोंडावर पदर धरून कवळी आत घातली आणि दाबली. दोन्ही बाजूंनी 'टक'. बायका सुटकेचा श्वास सोडून हसल्या.

मावशीला मात्र राहवलं नाही. "काय भरलं गं आत? सिमिट?"

"बैलाचं हाड," आई म्हणाली.

मावशीचं हसू गेलं. बाकीच्यांचंही. वस्तीतल्या सगळ्यांना ती गोष्ट पाठ आहे. "बैलाचं?" मावशी म्हणाली. "अगं, ज्याच्यापायी आपल्या बापांनी पाणीबंदी सोसली, गाव सोडलं, त्योच तू तोंडात घिऊन बसलीस?" तिच्या आवाजात भांडण नव्हतं. ती दुखावली होती. मी खाली बघितलं, कारण माझ्या मनात अजून तेच होतं.

आईने चष्म्याची काच पदराने पुसली. मग म्हणाली, "आपल्या बापानं, आज्यानं, त्यांच्याबी आज्यानं त्याला वढला. किती पिढ्या, कुणी मोजल्याबी न्हाईत. आता म्हातारपणी त्यानं मला जरा वढावं."

मावशी पदर सावरून पुढे सरकली, अगदी आईच्या आसनापर्यंत. आईने चष्मा लावला, ग्रंथ उघडला, आणि ती आणि तिचा बैल कामाला लागले.